316 स्टेनलेसच्या भावात 304, आणि माझा नमुना कुठे आहे?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग

विषय : होडीच्या भागांची ऑर्डर, चुकीचा धातू, चुकीची भोकं, हरवलेला नमुना

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं सातवं बोलणं झालं. आठवं होणार नाही. यापुढे जे काय ते लेखी.

मार्चमध्ये मी माझ्या बावीस फुटी, शिडाच्या, फायबरच्या होडीसाठी तुमच्याकडे भाग बनवायला दिले. रेलिंगच्या खांबांच्या आठ बैठका, डोलकाठीच्या तारा धरणाऱ्या सहा पट्ट्या (तुमच्या कोटेशनात चेनप्लेट) आणि नांगराच्या दोरीचा एक रोलर. धातू 316 एल, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणारं स्टेनलेस स्टील. तसं ड्रॉइंगवर लिहिलंय, कोटेशनवर लिहिलंय आणि बिलावरही लिहिलंय. रक्कम 38,400, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 45,312 रुपये. निम्मे आगाऊ, निम्मे माल निघण्याआधी. पैसे घेण्याच्या बाबतीत तुमची कंपनी अतिशय तत्पर आहे, हे आधीच नमूद करते, म्हणजे मी फक्त वाईटच लिहिते असं व्हायला नको.

साधं स्टेनलेस 304 आणि 316 यांच्यातला फरक तुम्हाला मी सांगायचा नसतो. तुमच्याच कॅटलॉगात छापलंय की 316 मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेतलं क्लोराइड स्टीलला टोचे पाडतं त्याला तेच आवर घालतं. ते वाचूनच मी तुमच्याकडे आले. जवळच्या वर्कशॉपमध्ये दिलं असतं तर स्वस्तात झालं असतं, आणि निदान भांडायला स्कूटरवरून जाता आलं असतं.

21 एप्रिलला खोका आला. मी भाग काढून बेतीच्या घरी पडवीत तारेला टांगून ठेवले. पडवीतून मांडवीची खाडी दिसते, म्हणजे हवा खारी आहे हे मान्य. मेच्या अखेरीस वेल्डच्या कडेकडेने तपकिरी ओघळ आले. पुसले, तर खाली सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. मालिम जेटीवर ट्रॉलरची कामं करणारा आमचा फिटर आला होता. त्याने एक बैठक हातात घेऊन फिरवली आणि म्हणाला, "बाई, हे सोळा नव्हे. चार." मी त्याच्यावरही लगेच विश्वास ठेवला नाही. मॉलिब्डेनम तपासायच्या द्रावणाचा थेंब टाकला, बॅटरी लावली. मॉलिब्डेनम असेल तर थेंबाचा रंग बदलायला हवा. बदलला नाही. मग 1,200 रुपये भरून लॅबमध्ये एक्स-रे गनने तपासून घेतलं. क्रोमियम 18.1 टक्के, निकेल 8.0, मॉलिब्डेनम 0.2. हे 304 आहे. तुमच्या गुणवत्ता विभागात कोणाला तरी हे आकडे पाहून कळेल अशी आशा आहे.

तुम्ही पाठवलेलं टेस्ट सर्टिफिकेटही मी वाचलं. बहुधा ते वाचणारी मी पहिलीच ग्राहक असेन. ते 3 मिलिमीटर पत्र्याचं आहे. माझ्या चेनप्लेट 6 मिलिमीटरच्या आहेत. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (धातू कोणत्या ओतणीतला ते सांगणारा क्रमांक) एकाही भागावर ठोकलेला नाही. शिवाय बिलात पिकलिंग आणि पॅसिव्हेशनचे (वेल्डनंतर ॲसिडने धुऊन गंज रोखण्याचे) 2,200 रुपये लावलेत, आणि वेल्डच्या निळ्या-जांभळ्या छटा जशाच्या तशा आहेत. ॲसिडला त्या दिसल्याच नाहीत म्हणायचं.

आता कालचा फोन. तो मी सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडे त्याचं रेकॉर्डिंग असेलच, ताडून बघा.

मुलगा नम्र होता. तक्रार क्रमांक घेतला आणि विचारलं, "मॅडम, पार्ट पाण्याच्या संपर्कात आला होता का?"

मी म्हटलं, होडीचा भाग आहे.

"ते ठीक आहे मॅडम, पण पाणी लागलं होतं का?"

मी सांगितलं की होडी अजून अंगणात ठोकळ्यांवर उभी आहे, वर ताडपत्री आहे, भाग बसवलेलेच नाहीत, पडवीत टांगले होते. पलीकडे टाइप केल्याचा आवाज.

"म्हणजे प्रॉडक्ट वापरलंच नाही."

नाही.

"मग मॅडम, वापर झाल्याशिवाय परफॉर्मन्सची तक्रार सिस्टममध्ये घेता येत नाही."

आणि वापरून गंजलं असतं तर?

"पाण्यात वापरल्यास वॉरंटी लागू नाही, मॅडम."

मी ही दोन्ही वाक्यं कागदावर उतरवून घेतली आणि त्याला सावकाश वाचून दाखवली. बरोबर आहे ना? "बरोबर आहे मॅडम." त्याच्या आवाजात जराही गडबड नव्हती. मला वाटतं हे त्याला कोणीतरी नीट शिकवलेलं आहे, आणि शिकवणाऱ्याने एकदा तरी होडी पाहावी अशी माझी नम्र सूचना आहे. त्या पाण्यात असतात.

त्यानंतर त्याने डाग म्हणजे गंज नव्हे, 'टी-स्टेनिंग' आहे, भांड्यांच्या साबणाने धुवा असं सांगितलं. टी-स्टेनिंग काय असतं मला माहीत आहे. ते वरवरचं असतं, धुतलं की जातं. धुतल्यावर खाली खड्डे उरतात त्याला चहाचे डाग म्हणत नाहीत. मग म्हणाला, चुंबक लावून बघा, चिकटलं नाही तर 316 आहे. 304 लाही चुंबक चिकटत नाही हो! फार तर वाकवलेल्या जागी जरासं ओढतं, आणि तेही 316 ला व्हायला हरकत नाही. हे त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे कोणी टेक्निकल माणूस असेल तर लाइनवर द्या."

मी 27 वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं. तुमच्या टेबलावर जे ड्रॉइंग आहे ते माझ्या हातचं आहे. लाइनवर टेक्निकल माणूसच होता. तुमच्या बाजूला कोणी नव्हता.

ड्रॉइंगचा विषय निघालाच आहे तर भोकांचं सांगते. होडी 1972 ची, इंग्लंडमध्ये बनलेली, सगळी मापं इंचांत. बैठकीच्या भोकांमधलं अंतर अडीच इंच, म्हणजे 63.5 मिलिमीटर. मी दोन्ही आकडे लिहिले होते, इंचही आणि मिलिमीटरही, कारण विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. तुम्ही 65 केलंत. तिसऱ्या फोनवर कारण कळलं : "65 स्टँडर्ड आहे." स्टँडर्ड हवं असतं तर मी दुकानातून आणलं असतं, ऑर्डरप्रमाणे बनवून देणाऱ्या कंपनीला पैसे कशाला दिले असते? दीड मिलिमीटरने काय बिघडतं असंही मला विचारलं गेलं. बिघडतं ते असं की जुन्या भोकात बोल्ट जात नाहीत. डेकच्या दोन फायबर थरांमध्ये लाकूड आहे. नवीन भोक पाडायचं तर आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं, ते सुकलं की त्यात पुन्हा छिद्र घ्यायचं. नाहीतर पाणी आत शिरून लाकूड कुजतं आणि डेक पायाखाली पावासारखा दबतो. आठ बैठकांची बत्तीस भोकं. आणि हा खटाटोप करायचा तो गंजणाऱ्या बैठकांसाठी!

बैठका गंजल्या तर फार तर रेलिंग हलेल. चेनप्लेटचं तसं नाही. त्या डेकमधून खाली जातात, तिथे हवा पोहोचत नाही, ओल कोंडून राहते आणि चांगलं स्टेनलेसही तिथूनच आतल्या आत पोखरतं. बाहेरून चकचकीत, आत फाटलेलं. एक पट्टी तुटली तर डोलकाठी माणसांच्या अंगावर येते. म्हणूनच 316 मागितलं होतं. म्हणूनच 316 चे पैसे दिले होते. 316 मिळालं नाही. हे मी तिसऱ्यांदा लिहिते आहे याची मला कल्पना आहे. फोनवर सात वेळा सांगितलंय.

या सगळ्यापेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. ड्रॉइंगबरोबर मी एक मूळ बैठक नमुना म्हणून पाठवली होती. गनमेटलची (तांबं-कथिलाच्या मिश्रधातूची), ओतीव, पन्नास वर्षं खाऱ्या पाण्यात काढलेली आणि अजून ठणठणीत. मूळच्या आठांपैकी अख्खी राहिलेली ती एकच. चलनावर 'नमुना, काम झाल्यावर परत' असं लिहून तुमच्या माणसाची सही आहे. पाचव्या फोनवर उत्तर मिळालं, "स्टोअरमध्ये दिसत नाही मॅडम, भंगारात गेला असेल. किंमत कळवा, क्रेडिट नोट देऊ." म्हणजे पुढची ऑर्डरही मी तुम्हालाच देणार असा तुमचा अंदाज आहे. या आत्मविश्वासाला दाद द्यायला हवी.

ही होडी माझ्या बाबांनी 1986 मध्ये घेतली. तुमच्या कंपनीचं नावही मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. त्यांच्या वेळी तुमच्याकडचा माल म्हटला की पुन्हा मोजायची गरज नव्हती म्हणे. ते आता नाहीत. एका अर्थी तुमचं बरंच झालं.

मला पूर्ण 45,312 रुपये परत हवेत, शिवाय लॅबचे 1,200, म्हणजे एकूण 46,512. भाग तुमच्या खर्चाने उचलून न्या. बदली भाग नकोत. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात घालायची आहे आणि तुमच्या 'सिस्टम'साठी समुद्र थांबत नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथल्याच आयोगात जाता येतं आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही, हे तुमच्या वकिलांना माहीत असेल. मी निवृत्त आहे, तारखांना यायला मला भरपूर वेळ आहे. लॅबचा अहवाल, चलन, तुमचं 3 मिलिमीटरचं सर्टिफिकेट आणि फोटो सोबत जोडले आहेत.

आणि नमुना. त्याची किंमत मी कळवणार नाही. तो शोधा. खालच्या बाजूला खिळ्याने कोरलेला इंग्रजी 5 आकडा आहे आणि एका भोकाच्या कडेला निळ्या रंगाचा टवका. भंगाराच्या ढिगातही ओळखू येईल.

तक्रारदार ग्राहक,
बेती, गोवा
18 जून 2025