‘आणि इतर सहवादक’

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाचं परीक्षण वाचलं. परीक्षकांनी कार्यक्रम शेवटपर्यंत बसून ऐकला होता हे मजकुरावरून कळत होतं. हल्ली तेवढंही पुष्कळ. गायिका, गायक, की-बोर्ड, ड्रम, बासरी, लीड गिटार, सगळ्यांची नावं होती. त्यापुढे ‘आणि इतर सहवादक’. आणि दोन ओळी सोडून तक्रार: ‘बेस इतका जास्त होता की छातीत धडधडत होतं.’ म्हणजे त्या मंचावरच्या बेस गिटारवाल्याची पुरवणीत हजेरी लागली, पण नावाने नाही, धडधडीने. त्यातही ती धडधड त्याची असेलच असं नाही.

मी सत्तावीस वर्षं बेस गिटार वाजवते आहे. पैशासाठी कधी वाजवली नाही, कुणी देऊही केले नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते आणि आठवड्यातून एकदा आम्ही चौघं जमून वाजवतो. थोडक्यात, हौशी. पण सत्तावीस वर्षं टिकलेल्या हौसेला एका पत्रापुरतं बोलायला हरकत नसावी.

आधी शब्दाचंच बघू. इंग्रजीत पाया आणि खालचा सूर या दोन शब्दांची स्पेलिंगं वेगळी आहेत म्हणून ते निदान कागदावर तरी वेगळे राहतात. देवनागरीत दोन्ही ‘बेस’. त्यात ‘लई बेस झालं’ हा आपला अस्सल बेस आहेच. मला तोच सगळ्यात आवडतो. माझ्या वादनाला मात्र तो अजून कुणी लावलेला नाही. आणि चौथा बेस म्हणजे ॲम्पवरचं ते बटण, जे पिळलं की खिडकीच्या काचा थरथरतात. परीक्षकांची तक्रार या चौथ्या बेसबद्दल आहे. त्याचा बेस गिटारशी संबंध आहे, पण शेजाऱ्याशी असतो तितपत.

साध्या गिटारला सहा तारा असतात, बेस गिटारला चार. त्यातली सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारच्या सगळ्यात खालच्या सुराच्या बरोबर एक सप्तक खाली. ड्रमरच्या पायाखालच्या मोठ्या ड्रमचा दणकाही याच मुलखातला, आणि की-बोर्डवाल्याचा डावा हातही इकडेच फिरत असतो. हे सगळं एकाच सबवूफरमधून, म्हणजे खालच्या सुरांसाठीच्या मोठ्या स्पीकरमधून, बाहेर पडतं, त्यामुळे छातीवर बुक्की कुणाची बसली ते छातीला कळत नाही. शिवाय ४१ कंपनांच्या सुराची एक लाट हवेत साधारण आठ मीटर लांब असते. ती भिंतीवर आपटून परत येते, जाणारी आणि येणारी एकमेकींत मिसळतात, आणि कोपऱ्यात आवाज फुगतो. चार पावलं सरकून बसलं तर काही सुरांचा पत्ताच लागत नाही. परीक्षकांची खुर्ची भिंतीलगत होती का, एवढं त्यांना विचारावंसं वाटतं.

आवाज मोठा होता हे मात्र मला शंभर टक्के मान्य. मी स्वतः कानात बोळे घालून वाजवते, कारण सत्तावीस वर्षं माझा डावा कान झांजेपासून हातभर अंतरावर आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालून जातो असं मानतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करायची. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. त्यात मध्यंतरापर्यंतसुद्धा पोचता येत नाही.

उलटी गंमत मोबाइलची. त्याच्या बोटभर स्पीकरमधून ४१ कंपनांचा सूर निघूच शकत नाही. निघतात ते त्याच सुराचे वरचे अंश: ८२, १२४, १६५. आणि तेवढ्यावरून आपला मेंदू तळातला नसलेला सूर स्वतःच भरून काढतो. मुलांना वर्गात हे सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. हॉलमध्ये जो फार झाला म्हणून तक्रार, तोच सूर खिशातल्या यंत्रात मुळात नसतो, तरी तुम्हाला तो ऐकू आल्यासारखा वाटतो.

आता तो बेस गिटारवाला मंचावर करत काय होता ते सांगते. समजा गिटारवाला सा-ग-प एकत्र वाजवतोय. मी खाली सा धरला तर ऐकणाऱ्याला सरळ, प्रसन्न, घरी पोचल्यासारखं वाटतं. गिटारवाल्याने बोटं हलवली नाहीत आणि मी नुसतं खालच्या ध वर गेले, तर तेच तीन सूर उदास होतात. ग वर गेले तर गाणं उंबऱ्यात एक पाय उचलून उभं राहतं. पुढे जायचं आहे, पण अजून निघालेलं नाही. वरच्यांनी काहीही बदललेलं नाही. श्रोत्याला वाटतं गायिकेने काय भाव आणला! आणलाच असतो तिने, पण ध माझा होता.

हे सगळं पाहुण्यांना दाखवता येत नाही, ही या वाद्याची अडचण. ‘काहीतरी वाजवून दाखवा ना’ म्हणतात, मी वाजवते, आणि तिसाव्या सेकंदाला त्यांचे चेहरे सभ्य होतात. एका विद्यार्थ्याने तर सरळ विचारलं, “मॅडम, यात गाणं कुठे आहे?” त्याला मी शंभरपैकी शंभर दिले असते.

मी या वाद्याकडे आले ती हौसेने नाही. कॉलेजात आम्ही तिघं गिटार वाजवणारे होतो आणि तिघांनाही लीड वाजवायचं होतं. चिठ्ठ्या टाकल्या, मी हरले. पुढे वाचलं की बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीच्या गळ्यातही बेस अशीच पडली: १९६१ मध्ये त्यांच्या गटातल्या बेसवाल्याने चित्रकलेसाठी गट सोडला आणि ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. तेव्हा जरा बरं वाटलं. मुळात हे वाद्यही अशा लोकांना सोयीचं पडेल असंच घडलेलं. १९५१ साली लिओ फेंडर या अमेरिकन गिटार बनवणाऱ्याने बाजारात आणलेल्या बेसचं नाव ‘प्रिसिजन’. कारण त्याआधीच्या उभ्या डबल बेसला, म्हणजे माणसाएवढ्या उंच व्हायोलिनसारख्या वाद्याला, पडदे नसत, सूर कानाने शोधावा लागे, आणि याला पडदे होते. पडद्यामागे बोट दाबलं की सूर बरोबर. ज्याला सूर शोधायचा सराव नाही असा गिटारवालाही उभा राहू शकेल अशी सोय.

सूर बरोबर लागण्याची सोय झाली, थांबवण्याची मात्र फेंडरसाहेबांनी माझ्यावर सोडली. आणि इतक्या वर्षांत मला कळलेलं जे काही आहे ते एवढंच आहे.

आमचा ड्रमर वर्षानुवर्षं म्हणायचा, “तू सूर सुरू बरोबर करतेस, बंद करत नाहीस.” मला वाटायचं, बंद काय करायचा, तो विरतो की आपोआप. मग एकदा गिटारवाल्याने चौघांचे आवाज वेगवेगळे ध्वनिमुद्रित केले आणि माझा एकटीचा मला ऐकवला. मी वाजवलेल्या प्रत्येक सुरामागे मी न वाजवलेल्या तारा गुणगुणत होत्या. जाड तारेवर पाचव्या पडद्याशी सूर वाजवला की शेजारची मोकळी तार, तिचाही सूर नेमका तोच असल्यामुळे, हात न लागता बोलू लागते. याला अनुनाद म्हणतात. दरवर्षी दोन नादकाटे घेऊन मी तो वर्गात शिकवते, परीक्षेत पाच गुणांना विचारते, आणि माझ्याच गळ्यातल्या वाद्यात तो बारा वर्षं मला ऐकू आला नव्हता.

त्यानंतर मी वाजवणं सोडून न वाजवणं शिकायला बसले. उजव्या हाताचा अंगठा आधी एका जागी टेकलेला असे, तो आता बोटांबरोबर तारांवरून खाली सरकतो आणि मागे राहिलेल्या जाड तारांवर आडवा पडून त्यांना गप्प ठेवतो. डाव्या हाताची तर्जनी सूर दाबताना थोडी पसरून खालच्या बारीक तारांना हलकी टेकते. आणि सूर संपवायचा तेव्हा डावं बोट उचलायचं नाही, नुसतं ढिलं करायचं. झटकन उचललं की मोकळी तार ‘डूं’ करते. सूर काढायला मला तीन महिने लागले होते. थांबवायला दीड वर्ष लागलं, आणि एका तारेवरून दुसरीवर जाताना अजूनही एखादी तार चुकून बोलतेच.

पण एकदा ते जमायला लागल्यावर जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. चार मात्रांच्या ठेक्यात पहिलीवर मी सूर धरला आणि दुसरीवर ड्रमरची काडी स्नेअरवर, म्हणजे त्याच्या पुढ्यातल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर, पडते त्याच क्षणी सोडला, तर स्नेअर अचानक मोठा वाजू लागतो. त्याने जोर वाढवलेला नसतो, मी जागा करून दिलेली असते. तोच सूर काडीच्या पुढे रेंगाळू दिला की सगळं चिखलात चालल्यासारखं. पहिल्यांदा हे साधलं तेव्हा ड्रमरने वाजवता वाजवता वर पाहिलं. आमच्यात यापेक्षा जास्त कौतुक करायची पद्धत नाही.

अमेरिकेत मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या गाण्यांवर जेम्स जेमर्सन हा माणूस बेस वाजवत असे. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, आणि जुन्या सपाट गुंडाळीच्या तारा, ज्या तुटल्याशिवाय तो बदलत नसे. त्याच्या बेसच्या ब्रिजवरच्या, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या पट्टीवरच्या, झाकणाखाली फोमचा तुकडा होता, त्यामुळे सूर टप्पकन येऊन बसे, लोंबत नसे. मीही भांडी घासायच्या स्पंजची पट्टी कापून ब्रिजपाशी तारांखाली सरकवली. पहिल्याच गाण्याला गिटारवाला म्हणाला, “आज काय वेगळं आहे?” मी सांगितलं. त्याचे स्वतःचे आवाज बदलणारे पेडल तीन कप्प्यांच्या पेटीत असतात. त्याला माझा स्पंज अजून सहन होत नाही.

जेमर्सनबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती परीक्षणाशी थेट जुळते. साठच्या दशकात त्याने वाजवलेली गाणी लोकांच्या तोंडी होती, पण त्या तबकड्यांवर वादकांची नावंच छापत नसत. मोटाऊनच्या एका मोठ्या अल्बमच्या वेष्टणावर त्याचं नाव आलं ते १९७१ मध्ये. तोपर्यंत तोही ‘इतर सहवादक’.

माझी बरोबरी त्याच्याशी नाही, हे लिहायची गरज नसावी. माझे हात लहान आहेत. चौतीस इंची तारेवर पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत तेरा सेंटिमीटर अंतर आहे. एका पडद्याला एक बोट हा पुस्तकी नियम मी पाळायला गेले आणि मनगट सुजवून घेतलं. डबल बेसवाले खालच्या भागात तिसरं बोट वेगळं वापरत नाहीत, चौथ्याच्या आधाराला ठेवतात. ती युक्ती मी उचलली, पट्टा आखूड करून वाद्य छातीपाशी आणलं. गुडघ्यापर्यंत लोंबणारी बेस फोटोत फार छान दिसते हे खरं, पण चार किलोचं वजन आणि दुमडलेलं मनगट फोटोत दिसत नाही.

तेव्हा दोन विनंत्या. परीक्षणात मंचावरच्या सगळ्यांची नावं छापावीत, जागा कमी असेल तर विशेषणांतून काढावी. आणि बेस जास्त झाला असं वाटलं तर आधी साउंडवाल्याकडे बघावं, मग ड्रमरच्या पायाकडे, आणि मग सावकाश त्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे.

कळावे,
आपली एक जुनी वाचक

ता. क. परीक्षणासोबतच्या छायाचित्राखाली ‘रंगात आलेला लीड गिटारवादक’ असं छापलं आहे. भिंग घेऊन त्याच्या वाद्याच्या खुंट्या मोजल्या. चार आहेत.