डबा फिरला, आबा

लँकेशायर
२९ जुलै २०२५

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तायडी तुम्हाला वाचून दाखवेल. फोनवर आपलं बोलणं "जेवलास का" आणि "आवाज येईना" यातच संपतं, म्हणून कागद घेतला. तायडे, मोठ्यानं वाच. पैशाचा विषय येईल तिथं आई जवळपास असेल तर जरा दमानं.

आधी खुशखबर. परवा रविवारी क्लबाच्या क्रिकेट सामन्यात माझ्या एकोणसाठ धावा झाल्या आणि डबा फिरला. म्हणजे काय ते सांगतो. इथल्या लीगमध्ये कुणी पन्नास काढल्या की क्लबातलं एखादं पोर डबा घेऊन मैदानाभोवती चक्कर मारतं आणि बघायला आलेली माणसं त्यात सुट्टे टाकतात. रीत जुनी आहे. आमच्याकडचा डबा म्हणजे आइस्क्रीमचा रिकामा प्लास्टिकचा. मी क्रीझवर उभा होतो, पुढचा चेंडू यायचा होता आणि मागून नाण्यांचा खुळखुळाट ऐकू येत होता. पेठेत गणपतीची वर्गणी मागत फिरलो तेव्हासुद्धा एवढा लाजलो नव्हतो. संध्याकाळी मोजले तर एकेचाळीस पौंड निघाले, म्हणजे आपले पावणेपाच हजार, आणि एक पँटचं बटण. बटण जपून ठेवलंय.

ही पन्नाशी यायला फार वेळ लागला, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. एप्रिलच्या मध्यात आलो तेव्हा हाताची बोटं बॅटीला चिकटतील अशी थंडी. पहिल्या चार डावांत चार, अकरा, शून्य, तेवीस. आमच्या अकरा जणांत एक छतं दुरुस्त करतो, एक शाळेत शिकवतो, दोघं टॅक्सी चालवतात, एक सोळा वर्षांचा विद्यार्थी आहे. ही सगळी माणसं प्रत्येक सामन्याला खिशातून पैसे भरून खेळतात. पैसे घेऊन खेळणारा मी एकटा. शून्यावर परत येताना साइटस्क्रीनजवळच्या बाकावरचा म्हातारा एवढंच म्हणाला, "या आठवड्याचे परत करणार का?" थट्टाच होती, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. रणजीला शून्यावर बाद झालो होतो तेव्हा वाईट वाटलं होतं. इथं चोरी केल्यासारखं वाटलं.

चूक कुठं होत होती ते टॅक्सीवाल्यानं सांगितलं. त्याचे आईबाप पाकिस्तानकडच्या मीरपूरचे, त्याचा जन्म इथला, आमची भाषा हिंदी-पंजाबीची भेळ. तो म्हणाला, "बॉल को आने दे, तू उसको लेने जा रहा है." खरंच आहे. पुण्याजवळच्या गहुंजेच्या विकेटवर चेंडू बॅटीवर येतो, पुढं पाय टाकून ड्राइव्ह मारायची मला सवय. इथं ओलसर विकेटवर चेंडू पडून थांबतो आणि हलतो शेवटच्या हातभर अंतरात. बॅट आधी जाते, चेंडू मागाहून येतो, कव्हरला उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाला सोपा झेल. महिनाभर मी एकच केलं. डोळ्यांखाली येईपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही, आणि ऑफ स्टंपबाहेरचा असेल तर सोडून द्यायचा. चेंडू सोडला की आपल्याकडं पोरं "मार की!" म्हणून ओरडतात. इथं म्हातारे टाळ्या वाजवतात.

पैसे घेतो म्हणजे नुसती फलंदाजी करून भागत नाही. ऑफस्पिनची षटकं टाकायची, पाऊस आला की सगळ्यांबरोबर धावत जाऊन विकेटवर झाकायचं कव्हर ओढायचं, शुक्रवारी संध्याकाळी लहान पोरांना शिकवायचं. त्यांच्यात एक आठ वर्षांची मुलगी आहे, तिचा बचाव माझ्यापेक्षा चांगला आहे. खाण्याची चिंता करू नका. ब्लॅकबर्नला गुजराती दुकानं आहेत, तूरडाळ मिळते. चहाच्या वेळी सँडविच आणि 'पाय' म्हणजे बटाटा-मटण भरून भाजलेली पेस्ट्री असते. पहिल्या दिवशी मी त्यावर तायडीनं दिलेली कांदा-लसूण चटणी घातली, आता निम्म्या संघाला लागते. चटणीचा डबा संपत आलाय.

गाव तुम्हाला आवडलं असतं, कारण इथंही सगळे फुटबॉलवेडे. बर्नलीच्या फुटबॉलच्या मैदानाला लागूनच क्रिकेटचं मैदान आहे, जेम्स अँडरसन तिथलाच. यंदा बर्नली वरच्या लीगमध्ये चढली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लबच्या फुटबॉल सामन्याला शाहू स्टेडियमबाहेर जसं वातावरण असतं तसंच, फक्त हलगी नाही.

आता तुमच्या मनातलं. जूनमध्ये एमपीएल, म्हणजे महाराष्ट्र प्रीमियर लीग होती. कोल्हापूर टस्कर्सकडून खेळलो असतो तर टीव्हीवर दिसलो असतो, गल्लीत पडदा लागला असता, आयपीएलवाल्यांची माणसं बघायला आली असती. हे सगळं पप्पा मला तीनदा बोलले, तुम्ही एकदाही नाही. तुमचं न बोलणं जास्त लागलं.

आबा, हिशेब सांगतो. रणजीत अकरात असलो तर दिवसाला चाळीस हजार, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याचे एक लाख साठ. राखीव बसलो तर निम्मे. संघातच नसलो तर काही नाही. माझे सामने झाले चार, त्यानंतर वगळलं, आणि का वगळलं ते मला कुणी सांगितलं नाही. आयपीएलच्या लिलावात सगळ्यात खालची बोली तीस लाखांची, पण ज्याला कुणी पुकारतच नाही त्याच्यासाठी ती आणि तीस कोटी सारखेच. एमपीएलमध्ये वीस चेंडू मिळाले असते आणि त्यात काहीतरी करून दाखवावं लागलं असतं. इथं मला पाच महिने दर आठवड्याला पन्नास षटकांचा सामना मिळतो. मला चमकायचं होतं त्यापेक्षा शिकायचं जास्त होतं. बरोबर केलं का ते माहीत नाही.

तुम्ही लहानपणापासून मला भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगत आलात. डिसेंबर १९४८, पुणे, रणजीत महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३, भांडारकरांबरोबर ४५५ ची भागी, ब्रॅडमनच्या विक्रमी ४५२ ला फक्त नऊ कमी, आणि जेवणाच्या सुट्टीत समोरच्या कप्तानानं सामना सोडून दिला. "नऊ धावा, पोरा, नुसत्या नऊ!" असं म्हणून तुम्ही पानाला चुना लावायचा. २०१२ मध्ये ते कोल्हापुरातच गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तुम्ही त्या दिवशी अंघोळ करून बाहेर येऊन बसलात आणि बातमी कापून ज्ञानेश्वरीत ठेवलीत. ती गोष्ट मी कायम अन्यायाची म्हणून ऐकली. एवढं करूनही एक कसोटी मिळाली नाही.

इथं रोलर ओढताना मी त्यांच्या बाकीच्या वर्षांचा विचार करत होतो. बडोदा, होळकर, महाराष्ट्र, राजस्थान, रेल्वे. किती संघ! तेव्हा संस्थानं आणि रेल्वे खेळाडूंना नोकऱ्या देत, पोटापाण्याची सोय होई. म्हणजे त्या नऊ धावांनंतरही माणूस वर्षानुवर्षं सकाळी उठून पॅड बांधत होता. हा भाग तुम्ही मला कधी सांगितला नाही, आबा. मला आत्ता त्याचीच जास्त गरज आहे.

इथून जवळ हॅसलिंग्डन म्हणून गाव आहे. १९५२ साली आपले अष्टपैलू विनू मंकड तिथल्या क्लबाकडून माझ्यासारखेच पैसे घेऊन खेळत होते. इंग्लंड दौऱ्यासाठी निवडीची हमी द्या, नाहीतर मी लीगचा करार करतो, असं त्यांनी मंडळाला विचारलं होतं. हमी मिळाली नाही, त्यांनी करार केला. मग हेडिंग्लेच्या कसोटीत आपल्या दुसऱ्या डावात शून्यावर चार गेले आणि सगळ्यांना मंकड आठवले. क्लबानं सोडलं, ते लॉर्ड्सवर गेले, ७२ आणि १८४ काढल्या आणि ७३ षटकं टाकून पाच बळीही घेतले. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, आधीच सांगतो, नाहीतर तायडी हसेल. पण हमी मागायला त्यांना लाज वाटली नाही, हे मला फार आवडलं.

ऋतुराज गायकवाड यॉर्कशर काउंटीकडून खेळणार म्हणून स्कारबरोचं तिकीट बघून ठेवलं होतं. घरगुती कारणानं त्याचं येणं रद्द झालं, माझंही राहिलं. भारत-इंग्लंडची मँचेस्टरची कसोटी इथून तासाभरावर, पण शेवटचा दिवस रविवारचा, आमचा सामना. तुम्ही बघितलीच असेल. पहिल्याच षटकात शून्यावर दोन, आणि पुढं दीड दिवसाहून जास्त आपली माणसं चेंडू सोडत, अडवत उभी राहिली. सामना अनिर्णित सोडवू म्हणून इंग्लंडचा कप्तान स्टोक्सनं हात पुढं केला, पण जडेजा आणि सुंदरनं शतकं होईपर्यंत तो मिळवला नाही, त्यावरून आमच्या सामन्यानंतर मला सगळ्यांनी घेरलं. मी म्हटलं, डबा फिरायच्या आधी तुमच्यातलं कोण आत जातं?

आता जे सांगायला कागद घेतला ते. क्लबानं पुढच्या वर्षासाठी विचारलंय. एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे परत एमपीएल चुकणार. मी हो म्हणालोय. पप्पांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही आधी ऐका, मग संध्याकाळी ते दुकानातून आले की तुमच्या पद्धतीनं सांगा. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, रणजीच्या शिबिराला बोलावलं तर जाईन, नाही बोलावलं तर शिवाजी स्टेडियमवर नेट लावेन.

एक काम आहे. तायडे, ज्ञानेश्वरीतल्या त्या कात्रणाचा नीट फोटो काढून पाठव, घडी मोडू नकोस. आमच्या मैदानावर रोलर चालवणारा म्हातारा पंचाहत्तर वर्षांचा आहे. त्याला मी ४४३ ची गोष्ट सांगितली तर म्हणतो, समोरचा संघ असा सामना अर्धवट टाकून घरी जाईलच कसा, तू थापा मारतोस. शुक्रवारी पोरांचा सराव आहे, त्याच्या आत पाठव.

तुमचा,
बाळू