स्पीड भरपूर, तरी गेम अडकतो

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीत घरोघरी वायफाय आलंय पण पोरं गेम खेळायला बसली की पिंग, म्हणजे डेटा जाऊन यायचा वेळ, ३०० मिलिसेकंदांच्या वर जातो, आणि कंपनीला फोन केला की एकच उत्तर, स्पीड बरोबर येतोय, राउटर बंद करून चालू करा. अहो पण गेमला एवढा स्पीड लागतो कुठे, पिंग किती येतो ते बघा ना! वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, त्यात अख्ख्या बिल्डिंगचे राउटर कोंबलेले, वर मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. राउटर त्याच खोलीत असेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा लावा, नाहीतर सरळ लॅन केबल ओढा, दिसते घाण पण चालते. कनेक्शन द्यायला येणारा माणूस राउटर दारामागे ठोकून जातो, त्याला कंपन्यांनी एवढं तरी शिकवावं.

– एक वाचक, ठाणे