पेगी सीगर म्हणजे नुसती ‘पीटची बहीण’ नव्हे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील अमेरिकन लोकसंगीतावरच्या लेखात गायिका-वादक पेगी सीगर यांची बोळवण ‘पीट सीगरची बहीण’ (पीट म्हणजे प्रसिद्ध अमेरिकन लोकगायक) एवढ्यावर झाली आहे. इतरत्र त्यांची ओळख त्यांचे जोडीदार, ब्रिटिश गायक-गीतकार इवान मॅकॉल यांच्या गाजलेल्या प्रेमगीताची नायिका अशी करून दिली जाते. दोन्ही खरे आहे, पण ब्रिटनमध्ये त्यांनी उभे केलेले काम त्यात कुठेच येत नाही.

१९५६ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी त्या बँजो घेऊन लंडनला आल्या. (आपल्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो नव्हे. या पाच तारांच्या वाद्यात आखूड पाचवी तार अंगठ्याने छेडतात आणि ती तंबोऱ्यासारखी एकच स्वर धरून राहते.) पुढच्या वर्षी मॉस्कोच्या युवक महोत्सवातून त्या अमेरिकी सरकारचा विरोध डावलून चीनला गेल्या आणि पासपोर्टवर गदा आली. अखेर १९५९ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये स्कॉटिश गायक अ‍ॅलेक्स कॅम्पबेल यांच्याशी नावापुरते लग्न लावून त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व मिळवले.

त्यांचे खरे कर्तृत्व दिसते ते बीबीसीच्या ‘रेडिओ बॅलड्स’मध्ये, म्हणजे माणसांचे ध्वनिमुद्रित बोलणे आणि गाणी एकत्र गुंफलेल्या रेडिओ कार्यक्रमांत. निर्माते चार्ल्स पार्कर, गीते मॅकॉलची, वाद्यमेळ आणि संगीत दिग्दर्शन पेगींचे. १९५८ ते १९६४ या काळात असे आठ कार्यक्रम झाले. पहिला होता जॉन अ‍ॅक्सन या इंजिनचालकावर. वाफेची नळी फुटल्यावरही तो इंजिन सोडून गेला नाही आणि त्यातच गेला. त्यासाठी रेल्वे कामगारांचे चाळीसेक तासांचे बोलणे टेपवर घेतले होते. त्यावरून नट संवाद म्हणणार होते, पण टेप ऐकल्यावर तो बेत सोडून कामगारांचेच आवाज ठेवले.

हे जमवणे सोपे नव्हते. फीत ब्लेडने तिरकी कापून जोडायची. सेकंदाला साडेसात इंच वेगात अर्ध्या सेकंदाचा श्वास म्हणजे पावणेचार इंच फीत. तेवढी चुकून उडाली की बोलणे तुटक वाटते. त्यात बोलणारा माणूस तालात बोलत नाही. गाणे वेगळे मुद्रित करून बोलण्याला नुसते चिकटवले, तर सांधा कानाला खटकतो. म्हणून मासेमारांवरच्या ‘सिंगिंग द फिशिंग’ या कार्यक्रमाच्या वेळी टेपवरचे बोलणे स्टुडिओतच वाजवले आणि ते ऐकत वादक-गायकांनी साथ केली. कुठे उचलायचे, कुठे थांबायचे हे त्या बोलण्यावर ठरे. या कार्यक्रमाला १९६० चा प्रिक्स इटालिया हा आंतरराष्ट्रीय प्रसारण पुरस्कार मिळाला.

त्याआधीचा ‘साँग ऑफ अ रोड’ मात्र फसला, असे आमचे मत. महामार्ग कसा बांधतात हे समजावणाऱ्या इंजिनिअरांना त्यात फार जागा गेली. त्यांची भाषा अहवालाची. गाण्याला धरायला त्यात काही सापडत नाही. मजुरांचे बोलणे सुरू झाले की तोच कार्यक्रम उभा राहतो.

पुन्हा कधी या विषयावर लेख आलाच, तर निदान एक परिच्छेद या कामाला द्यावा. टॉपिक रेकॉर्ड्सने १९९९ मध्ये आठही कार्यक्रम सीडीवर आणले आहेत. वाचकांनी सुरुवात ‘सिंगिंग द फिशिंग’पासून करावी आणि त्यातला सॅम लार्नर हा १८७८ सालचा जन्म असलेला नॉरफोकचा कोळी बोलू लागला, की मागच्या वाद्यांकडे लक्ष द्यावे.

आपले,
लोकसंगीताचे दोन अभ्यासक, पुणे