सोनारचा आवाज आणि देवमासे
मा. संपादक,
नौदलाची जहाजं पाणबुड्या शोधायला पाण्यात मोठा आवाज सोडतात, त्याला सोनार म्हणतात; त्याचा देवमाशांना त्रास होतो, म्हणून हे पत्र.
२०१६ ला जुहू बीचवर मेलेला देवमासा वाहून आला तेव्हा बघायला आम्हीपण गेलेलो (वास अजून आठवतो!), त्याचा दोष नौदलाला देत नाहीये, पण २००० साली बहामाजमध्ये अमेरिकन नेव्हीच्या सरावानंतर १७ देवमासे-डॉल्फिन किनाऱ्याला लागले आणि सोनारचा संबंध नेव्हीने स्वतःच मान्य केला. हे प्राणी आवाजावरच जगतात हो, घाबरून खोल पाण्यातून एकदम वर आले की रक्तात बुडबुडे होऊन जीव जाऊ शकतो. तिकडे आता सरावाआधी परवानगी लागते, जहाजावर टेहळणीला माणूस ठेवतात, देवमासा जवळ दिसला की सोनार बंद. देशाचं रक्षण हवंच, पण आपल्याकडेपण असे नियम करून ते लोकांसमोर ठेवायला काय हरकत आहे?
— एक वाचक, वर्सोवा