लेकरांच्या मैदानासाठी मुरूम हवा आहे

ग्रामस्थ आणि बाहेरगावी असलेल्या सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

आपलं गाव औसा तालुक्यातलं, १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. जुन्या गावात बोळच बोळ होते. नव्या गावात रस्ते ऐसपैस निघाले आणि शाळेमागं मोठी जागा मोकळी सुटली. तिथं कित्येक वर्षं बाभळी आणि उकिरडेच होते. आज रोज सकाळी साडेसहाला साठेक लेकरं तिथं फुटबॉल खेळतात, त्यांत पंचवीस मुली. हे ज्यांच्यामुळं घडलं, त्यांच्याबद्दल आधी सांगतो.

ते नेपाळचे, सिंधुपाल्चोक जिल्ह्यातले. काठमांडूत एका क्लबकडून मधल्या फळीत खेळायचे. गुडघा गेला, खेळ सुटला. पुढं २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात गावाकडचं घर पडलं. त्या दिवशी काठमांडूच्या दशरथ रंगशाला स्टेडियमचंही नुकसान झालं होतं. ओळखीच्या माणसामागं पोटासाठी इकडं आले, हायवेवरच्या हॉटेलात स्वयंपाकाला लागले. एकदा आमच्यातल्या एकानं त्यांना जुनं गाव दाखवलं. पडक्या भिंतींचे दगड हातात घेऊन ते बराच वेळ बसून राहिले. आमचीही घरं अशीच होती, दगड आणि मातीची, एवढंच बोलले. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आपल्याकडं ज्या भिंती माणसांवर कोसळल्या, तशाच त्यांच्याकडं दुपारी ११ वाजून ५६ मिनिटांनी कोसळल्या.

गाव त्यांना आधी ‘बहादूर’ म्हणायचं, नेपाळी माणूस दिसला की आपण म्हणतो तसं. खरं नाव विचारायला आम्हांला चार महिने लागले, याची लाज वाटते. आता लेकरं त्यांना ‘दाजू’ म्हणतात. नेपाळीत थोरल्या भावाला दाजू म्हणतात. नाव छापू नका, असं त्यांनीच सांगितलं आहे.

हॉटेलातली पाळी रात्री एकला संपते, तरी साडेसहाला दाजू मैदानावर असतात. पहिले दोन महिने त्यांनी कुणाला गोलवर चेंडू मारूच दिला नाही. दोघं समोरासमोर, दहा पावलांवर उभे करायचे आणि पायाच्या आतल्या बाजूनं पास द्यायला लावायचे. शंभर उजव्यानं, शंभर डाव्यानं. निम्मी पोरं कंटाळून क्रिकेटकडं परत गेली. दाजूंनी ओढून आणलं नाही. राहिलेल्यांचा चेंडू पायाला चिकटून पळायला लागला, तेव्हा गेलेली आपोआप आली. लहानग्यांना मोठा पाच नंबरचा चेंडू देऊ नका, बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा द्या, हेही त्यांनीच सांगितलं. तोवर कुणाला ठाऊकच नव्हतं. मुलींच्या हाफपँटवरून कुरकुर झाली, तेव्हा ते घरोघर जाऊन आयांशी बोलले, तोडक्यामोडक्या मराठीत.

आजवर त्यांनी एक रुपया घेतला नाही. मंडळानं मानधनाचं काढलं की ते जमिनीकडं बोट दाखवतात.

जमीन काळी आहे. पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो, चार महिने खेळ बंद. उन्हाळ्यात बोटबोट भेगा पडतात. मागच्या महिन्यात सातवीतल्या मुलीचा पाय भेगेत अडकून घोटा मुरगळला. तीन आठवडे ती कडेला बसून बघत होती. दाजूंचाही गुडघा असाच गेलेला. त्या दिवसापासून सरावाआधी ते एकटे फावडं घेऊन भेगा बुजवतात.

म्हणून मैदान नीट करायचं ठरलं आहे. ६० मीटर बाय ४० मीटर जागेवर चार इंचांचा मुरमाचा थर द्यायचा तर ८६ ब्रास मुरूम लागेल. वर इंचभर लाल माती, ती आणखी साडेएकवीस ब्रास. नुसत्या मुरमावर पडलं की गुडघे सोलतात. शिवाय कडेनं पाणी निघायला चर आणि दोन्ही टोकांना लोखंडी पाइपांचे गोलपोस्ट. सध्या तिथं चपला मांडतात.

यंदा ज्यांनी विहीर खोदली आहे, त्यांच्या बांधावर मुरमाचा ढीग पडून असेल. तो द्या. ट्रॅक्टर असेल तर दोन खेपा द्या, वेल्डिंग येत असेल तर एक दिवस द्या. कमी पडेल तो मुरूम तहसीलला रॉयल्टी भरूनच विकत घेऊ. पैसा त्यासाठी, लाल मातीसाठी आणि डिझेल-रोलरसाठी लागेल. पुण्या-मुंबईला गेलेल्यांनी लेकरांचे लहान झालेले स्टडचे बूट पाठवले तरी चालतील, मापं बघून वाटू.

नेपाळी माणसाला इथं राहता येतं का, असं काहींनी विचारलं. १९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार त्यांना इथं राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही.

वर्गणी ग्रामपंचायतीशेजारी मंडळाच्या खोलीत संध्याकाळी सहानंतर द्यावी आणि पावती मागून घ्यावी. जमाखर्च दर रविवारी शाळेच्या फळ्यावर लिहिला जाईल. मृग लागण्याआधी काम संपवायचं आहे. ट्रॉली आणणाऱ्यांनी मागच्या फाटकानं यावं. पुढच्या बाजूला सकाळी लेकरं खेळत असतात.

आपले,
क्रीडा मंडळाचे कार्यकर्ते