आज राख उडू द्या, माय

पीएफटीच्या, म्हणजे फुंकवून फुप्फुस तपासायच्या खोलीतल्या ताईंना नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बाहेर बाकावर अकरा जण ताटकळत होते आणि आमचा कागद हातात देता देता तुम्ही पुढच्या आजोबांना हाक मारली. म्हणून हे पत्र असं उघड्यावरच लिहितो. कोणी ना कोणी तुम्हाला दाखवेल. ओळख पटावी म्हणून खूण सांगतो. होळीनंतरचा आठवडा, हिंगणघाटकडून आलेली हिरव्या लुगड्यातली म्हातारी, आणि तिच्यासोबत मोटारी रिवायंडिंग करणारा, यंत्राबद्दल नको तेवढं विचारणारा मुलगा. तो मी.

मायनं वीस-बावीस हंगाम कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये काढले. रेच्यात कापूस टाकायचा, कवडी वेचायची, आणि घरी आली की चूल. तीन वर्षांपासून तिला दम लागत होता. विहिरीपासून घरापर्यंत दोनदा बसायची. थुंकी तपासली, टीबी निघाला नाही. मग एका ठिकाणी ही फुंकायची टेस्ट झाली. दोनदा फुंकवलं आणि लगेच कागद हातात. एकूण फुंकलेली हवा, म्हणजे एफव्हीसी, १.२५ लिटर, त्यातली पहिल्या सेकंदातली, म्हणजे एफईव्ही१, ०.९५. भागाकार ०.७६. नळ्या मोकळ्या आहेत, फुप्फुस आकसलं असेल, वयही झालं, असं सांगून त्यांनी वाटेला लावलं. तो कागद घेऊन आम्ही वर्षभर हिंडलो.

तुम्ही आकडे वाचलेच नाहीत. आलेख जिथं संपतो तिथं बोट ठेवलं आणि म्हणालात, "दोन सेकंदांत सोडून दिलं यांनी. निदान सहा सेकंद तरी फुंकायला पाहिजे होतं." घरी जाताना बसमध्ये त्याचं गणित माझ्या डोक्यात शिरलं. अडलेल्या नळ्यांतून हवा हळूहळू निघते. मध्येच थांबलं तर मागची हवा मोजलीच जात नाही, एकूण आकडा घसरतो आणि भागाकार उगाच चांगला दिसतो. यंत्रात काही खोट नव्हती. फुंकवून घेणाऱ्याला घाई होती.

तुम्ही आधी कुलर बंद केला. त्या उकाड्यात! हवेच्या झोतानं यंत्र आपोआप फिरतं म्हणालात. मायची उंची अनवाणी उभं करून मोजली, मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं ते विचारलं, नाकाला चिमटा लावला. पहिल्या तीन फुंका वाया गेल्या, आणि त्या माझ्यामुळे गेल्या हे कबूल करतो. मीच मागून ओरडत होतो, "माय, चूल फुंकतेस तशी फुंक!" तुम्ही मला बाहेर काढलं. राग आला होता तेव्हा.

दाराआडून सगळं ऐकू येत होतं. तुम्ही तिला विचारलं, "माय, फुंकणीनं फुंकताना जपून फुंकता ना? राख भाकरीवर येऊ नये म्हणून?"

"हाव. उडली तर भाकर खराब होते."

"मग आज राख उडू द्या, माय. सगळी. घरभर."

क्षणभर शांतता. मग फाट्कन आवाज, आणि त्यामागं तुमचा घोष: अजून, अजून, अजून, थांबू नका, अजून. चाळीस वर्षं जे करायचं नाही म्हणून हाताला आणि तोंडाला वळण लावलं होतं, नेमकं तेच या टेस्टला लागतं, हे मला कधी सुचलं नसतं.

मला बाहेर का काढलं याचं दुसरं कारण मायनं आठवड्यानं सुनेला सांगितलं. एवढा जोर लावला की बाईमाणसाची काय अडचण होते, ते मुलासमोर बोलता येत नाही. तुम्ही न बोलता ओळखलंत आणि तिला टॉवेल दिलात. या एका गोष्टीसाठी मी तुमच्या पाया पडतो.

सातव्या फुंकेला जमलं. एकूण हवा १.९० आणि १.८२ लिटर. दोन चांगल्या फुंकांत १५० मिलीलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही, आमचा ८० होता. पहिल्या सेकंदाचे ०.९८. भागाकार ०.५२, म्हणजे नळ्या अडलेल्याच होत्या. मग पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटं थांबवलंत, आणि त्या पंधरा मिनिटांत मी तुमचं डोकं खाल्लं. तोंडात धरायच्या नळीत एक बारीक पंखा, त्याच्या पात्यानं प्रकाशाची तिरीप तुटते, यंत्र ते तुटणं मोजतं. फिरण्याचा वेग म्हणजे हवेचा वेग, आणि वेगाची बेरीज करत गेलं की लिटर निघतात. रोज सकाळी तीन लिटरच्या मोठ्या पिचकारीनं तपासता, २.९१ ते ३.०९ च्या आत आलं तरच पहिला पेशंट आत. माझ्या दुकानात मीटर इतक्या इमानानं कोण तपासतं? मी तर नाहीच. (आता तपासतो.) नंतर वाचलं की १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरानं पाण्यावर तरंगती घंटा वापरून दोन हजारांवर माणसांचा श्वास मोजला होता. त्यानंही असंच ओरडून फुंकवलं असेल का, कोण जाणे.

तेव्हाच तुम्ही मायला सहज विचारलं, "सुटीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती जास्त आवळायची का?" माय तुमच्याकडे बघतच राहिली. "तुमाले कसं माहीत? बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लय आवळे. मले वाटे, बाजारात जास्त चालणं झालं." कापसाच्या धुळीनं असं होतं, त्याला बिसिनोसिस म्हणतात, हे तुम्ही सांगितलंत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जिनिंगची वर्षंही लिहून दिलीत. आम्हाला आजवर बिडी ओढते का एवढंच विचारलं होतं.

औषधानंतर पहिल्या सेकंदाचा आकडा १.०८ पर्यंतच चढला. पूर्ण सुटणारा दमा हा नव्हे, सीओपीडी आहे, म्हणजे नळ्या कायमच्या अडण्याचा आजार, असं डॉक्टर म्हणाले. धूर आणि धूळ, दोन्हींची कमाई. बरं होणारं नाही, पण आता रोज पंप घेते. विहिरीवरून येताना एकदाच बसते. स्वयंपाक गॅसवर गेला. आंघोळीचं पाणी मात्र अजून चुलीवरच तापवते. त्यावरून आमचं भांडण चालू आहे.

आलेखाचा कागद तिनं लोखंडी पेटीत ठेवला आहे. ती रेघ खाली उतरताना आत वळली आहे ना, तिला माय ईळा, म्हणजे विळा, म्हणते. पाहुण्यांना काढून दाखवते.

पुढची तपासणी आषाढात आहे. तुमचीच ड्युटी असेल ना, असं तिनं दोनदा विचारलंय. जवसाची चटणी आणणार आहे म्हणते. नियमात बसत नाही म्हणून परत करू नका, ऐकणार नाही ती.

तुमचा,
यंत्राबद्दल विचारणारा तो मुलगा